काँगोचा धडा

मिशन रविवार जवळ आला की आमच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक भित्तिचित्र लागत असे. रोडावलेल्या हातापायांचे, मोठ्या डोळ्यांचे एक आफ्रिकन बालक आणि खाली दानाचे आवाहन. वर्षानुवर्षे तेच चित्र, तेच शब्द. त्या चित्राखालून जाताना आपल्यापैकी कोणी थांबत नव्हते, मीही थांबत नव्हतो. एका वर्षी मात्र थांबावे लागले ते नववी-दहावीच्या धर्मशिक्षण वर्गातील एका मुलीमुळे. तिने अगदी साधा प्रश्न विचारला, "फादर, आफ्रिका इतकी गरीब का?"

मी तोंड उघडण्याआधीच वर्गाने उत्तरे देऊन टाकली. "तिथे पाऊस पडत नाही." "ते लोक शिकलेले नाहीत." "ते सारखे आपापसांत लढतात." मागच्या बाकावरून एक आवाज आला, "आळशी असतील!" वर्ग हसला.

त्या हसण्याने मी अस्वस्थ झालो. मुलांचा दोष नव्हता. त्यांनी जे पाहिले होते त्यावरून त्यांनी तर्क केला होता, आणि त्यांनी पाहिले होते ते भिंतीवरचे ते एकच चित्र. ते चित्र मीच लावले होते. आणखी खरे सांगायचे तर मुलीच्या प्रश्नाला माझ्यापाशीही उत्तर तयार नव्हते. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचा इतिहास अभ्यासला. आफ्रिकेत कोणता धर्मसंघ कोणत्या साली पोहोचला, किती जणांना स्नानसंस्कार मिळाला, हे आम्ही पाठ केले. पण त्याच जहाजातून धर्मगुरूंच्या सोबतीने आणखी कोण कोण उतरले, हे आम्ही विचारले नाही आणि आम्हांला कोणी सांगितलेही नाही.

म्हणून त्या वर्षी मी स्वतः विद्यार्थी झालो. मिळतील तेवढी पुस्तके वाचली आणि पुढचे चार रविवार त्या वर्गाला इतिहासच शिकवला. आफ्रिका हा एक देश नाही, तिथे चोपन्न देश आहेत. सगळ्यांविषयी थोडे थोडे सांगण्यापेक्षा एकाच देशाविषयी नीट सांगावे असे ठरवून मी काँगो निवडला. त्या चार रविवारांत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिला रविवार : त्यांच्या आधीचे दिवस

मुलांना वाटते की गोरा माणूस आफ्रिकेत उतरला तेव्हा तेथे नुसते जंगल होते. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना एका राजाची गोष्ट सांगितली. काँगो नदीच्या मुखाजवळ पंधराव्या शतकात एक सुसंघटित राज्य नांदत होते. त्याला राजधानी होती, प्रांत होते, करव्यवस्था होती, शंखशिंपल्यांचे चलन होते. १४८० च्या दशकात पोर्तुगीज दर्यावर्दी तेथे पोहोचले. १४९१ मध्ये तेथील राजघराण्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. पुढे गादीवर आलेला राजा पहिला आफोन्सो वाचन-लेखनाचा मोठा भोक्ता होता. त्याने शाळा काढल्या आणि आपल्या हेन्रिक नावाच्या मुलाला शिक्षणासाठी लिस्बनला पाठविले. १५१८ मध्ये पोप दहावे लिओ यांनी या हेन्रिकची बिशपपदी नेमणूक केली. काळ्या आफ्रिकेतील एक तरुण पाचशे वर्षांपूर्वी बिशप झाला, हे ऐकून वर्गात शांतता पसरली.

याच आफोन्सोने १५२६ मध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला पत्रे लिहिली. आपल्या राज्यातील माणसे रोज पळवली जात आहेत, सरदारांची मुले आणि स्वतःचे आप्तसुद्धा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडत आहेत, राज्य ओस पडत आहे, अशी त्याची तक्रार होती. व्यापारी नकोत, धर्मगुरू आणि शिक्षक पाठवा, अशी त्याची विनवणी होती. आफोन्सो स्वतः गुलामांच्या व्यापारापासून अलिप्त नव्हता, हेही मी मुलांपासून लपविले नाही. पण हा व्यापार आपल्या हाताबाहेर जाऊन आपल्यालाच गिळील, हे त्याला उमगले होते. त्याच्या पत्रांनी तो व्यापार थांबला नाही.

तिसरा जॉन हे नाव आपल्यापैकी वसईकरांना परके नसावे. आफोन्सोची ती पत्रे लिहिली गेल्यानंतर आठच वर्षांनी, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली ती याच राजाच्या कारकिर्दीत. काँगोचा किनारा आणि आपला किनारा हे एकाच दरबाराच्या दप्तरात शेजारी शेजारी नोंदले गेले होते. मुलांना हे सांगितल्यावर आफ्रिका त्यांना एकदम जवळची वाटू लागली.

दुसरा रविवार : एका राजाचे दानशूर शब्द

पुढचा धडा साडेतीनशे वर्षांनंतरचा. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड १८६५ मध्ये गादीवर आला. देश लहान, राजाची हाव मोठी. त्याला वसाहत हवी होती, पण त्याच्या संसदेला त्यात रस नव्हता. मग राजाने ती स्वतःसाठी मिळवायचे ठरविले. १८७६ मध्ये त्याने ब्रसेल्सला भूगोलतज्ज्ञांची परिषद भरविली. गुलामांचा व्यापार बंद करणे, विज्ञानाचा प्रसार करणे, मागासांना सुधारणे हे तिचे हेतू सांगितले गेले. एक परोपकारी संस्था उभी राहिली आणि तिच्या आडून स्टॅन्ली या प्रवाशाला काँगो नदीवर धाडण्यात आले. त्याने व त्याच्या साथीदारांनी शेकडो स्थानिक प्रमुखांकडून करारपत्रांवर खुणा करून घेतल्या. कापडाचे काही तुकडे आणि अशाच किरकोळ वस्तू यांच्या बदल्यात त्या प्रमुखांनी, जी भाषा त्यांना वाचता येत नव्हती त्या भाषेत, आपली भूमी देऊन टाकली होती. न वाचता उठविलेला अंगठा काय करू शकतो, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

१५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिन येथे चौदा राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यात आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. आफ्रिकेच्या सगळ्या सीमा त्या एकाच टेबलावर आखल्या गेल्या असे म्हणण्याचा प्रघात आहे, ते काटेकोरपणे खरे नाही. त्या परिषदेने मुख्यतः ताबा घेण्याचे नियम ठरविले आणि बहुतेक सीमा पुढच्या वर्षांतील करारांनी आखल्या गेल्या. परंतु ज्यांच्या घराची वाटणी चालली होती त्यांना दारातही उभे केले नाही, हे मात्र अक्षरशः खरे आहे. या धामधुमीत लिओपोल्डने आपला डाव साधला. बेल्जियमच्या सुमारे पंचाहत्तर पट मोठा आणि आजच्या भारताच्या दोन-तृतीयांशाहूनही विस्तृत असा प्रदेश 'काँगो मुक्त राज्य' या नावाने एका माणसाची खाजगी मालमत्ता झाला. त्या माणसाने काँगोच्या भूमीवर आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही.

मी फळ्यावर तीन शब्द लिहिले : परोपकार, मुक्त, सुधारणा. मुलांना म्हणालो, "इतिहासात हे शब्द भेटले की लगेच भुलू नका. ते कोणी उच्चारले आणि त्यातून कोणाचा खिसा भरला, हे विचारा." त्याच वर्षी राजाने आणखी एक शब्द वापरला. जी जमीन कोणी कसत नाही ती पडीक, आणि पडीक जमीन राज्याची, असा हुकूम निघाला. ज्या रानात लोक पिढ्यानपिढ्या शिकार करीत होते, मध, सरपण आणि औषधी मुळ्या गोळा करीत होते, ते सारे रान एका शब्दाने सरकारजमा झाले.

तिसरा रविवार : जहाजांत काय होते?

तिसऱ्या रविवारी मी व्याख्यान दिले नाही. मुलांना एक कोडे घातले. अँटवर्प बंदरात काँगोहून जहाजे येतात. ती रबर आणि हस्तिदंत यांनी काठोकाठ भरलेली असतात. तीच जहाजे परत काँगोला जातात तेव्हा त्यांत प्रामुख्याने बंदुका, दारूगोळा आणि लष्करी अधिकारी असतात. विक्रीचा माल जवळजवळ नसतोच. आता सांगा, रबराची किंमत कोणी आणि कशी चुकती केली?

मुले विचारात पडली. एकाने "उधारीवर" असे उत्तर दिले. दुसरा म्हणाला, "पैसे पाठवीत असतील." मी सांगितले की तेथील रयतेला पैसे वापरूच दिले जात नव्हते. थोड्या वेळाने प्रश्न विचारणारी तीच मुलगी हळूच म्हणाली, "मग किंमत दिलीच नसेल. बंदूक दाखवून घेतले असेल."

एडमंड मोरेल नावाचा एक तरुण कारकून नेमक्या याच निष्कर्षावर पोहोचला होता. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत तो नोकरीस होता. कंपनीच्या कामासाठी अँटवर्पला त्याची ये-जा असे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वह्या तपासता तपासता त्याच्या ध्यानात आले की हा व्यापार नसून सक्तीची मजुरी आहे. कंपनीने त्याला गप्प बसविण्याचा प्रयत्न केला. त्याने १९०१ मध्ये नोकरी सोडली आणि लेखणी हातात घेतली. नऊ-दहा वर्षांच्या त्याच्या चळवळीने अर्धे जग हलविले.

वह्यांच्या पलीकडे काँगोत काय चालले होते? १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर बनविला आणि रबराला सोन्याचे मोल आले. काँगोच्या रानात रबराच्या वेली आपोआप उगवत. गावागावाला रबराचा हप्ता ठरवून देण्यात आला. पुरुषांनी रानात जावे म्हणून त्यांच्या बायका-मुलांना ओलीस ठेवले जाई. हप्ता कमी पडला तर पाणघोड्याच्या कातडीचा चाबूक असे. तरीही न भागल्यास बंदुका होत्याच. शिपायांनी काडतुसे शिकारीत वाया घालवू नयेत म्हणून प्रत्येक काडतुसाचा हिशेब मागितला जाई. हिशेब म्हणजे मारलेल्या माणसाचा उजवा हात. विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने १८९९ मध्ये एका छावणीत धुरावर वाळवलेले असे एक्याऐंशी हात मोजले. काडतुसे वाचवून ठेवण्यासाठी जिवंत माणसांचेही हात तोडले जात.

१९०४ च्या मे महिन्यात न्साला नावाचा एक माणूस ॲलिस हॅरिस या मिशनरी स्त्रीच्या ओसरीवर आला. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचे, बोआलीचे, जे उरले होते ते पानात गुंडाळून त्याने आणले होते. ॲलिस हॅरिसने त्याचे छायाचित्र घेतले आणि ते युरोप-अमेरिकेत गाजले. मी ते वर्गात दाखविले नाही. दुःखाचे प्रदर्शन मांडून दया मिळविण्याचा प्रकार आमच्या भिंतीवर आधीच चालू होता. मी फक्त दोन नावे फळ्यावर लिहिली, न्साला आणि बोआली. मागच्या बाकावर त्या दिवशी कोणी हसले नाही.

किती माणसे मेली? त्या काळात जनगणना झाली नव्हती, त्यामुळे नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. गोळीने, उपासमारीने, झोपेच्या रोगाने आणि घटलेल्या जन्मांमुळे लोकसंख्या लक्षावधींनी कमी झाली, यावर मात्र दुमत नाही. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. खुद्द लिओपोल्डने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९०५ मध्ये त्याला दुजोरा दिला. शेवटी १९०८ मध्ये बेल्जियमच्या संसदेने काँगो राजाच्या हातून काढून आपल्या ताब्यात घेतला. ताबा देण्यापूर्वी राजाने आपले काँगोचे दप्तर जाळून टाकले. कित्येक दिवस ब्रसेल्समधील भट्ट्या धगधगत होत्या. ज्याला इतिहास जाळावासा वाटतो त्याला इतिहासाची ताकद ठाऊक असते.

"आपले मिशनरी तेव्हा काय करीत होते?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, आणि खरे सांगतो, तो येऊ नये असेही मनात वाटत होते. तो एका मुलाने विचारलाच. "फादर, तुम्ही सांगितले ते शेपर्ड आणि हॅरिस प्रॉटेस्टंट होते. आपले कॅथलिक फादर कुठे होते?"

उत्तर देताना मी कागदावर लिहून आणलेलेच वाचले, जेणेकरून जीभ सोयीस्कर वळण घेणार नाही. आपले मिशनरी तेथे होते आणि मोठ्या संख्येने होते. लिओपोल्ड कॅथलिक राजा होता आणि आपल्या राज्यात बेल्जियन कॅथलिक मिशनरीच यावेत अशी त्याची इच्छा होती. मिशनांना जमिनी मिळत. सरकारच्या वतीने आपण मुलांच्या वसाहती चालविल्या. तेथील मुलांना 'अनाथ' म्हटले जाई, परंतु त्यातील अनेकांना लष्करी मोहिमांनीच अनाथ केले होते. १९०५ च्या चौकशी मंडळाने मिशनांच्या शेती-वसाहतींवरही ठपका ठेवला. १९०६ मध्ये, हात तोडल्याच्या बातम्या सगळीकडे पोहोचल्या असताना, व्हॅटिकनने लिओपोल्डच्या राज्याशी करार केला. जमिनीच्या बदल्यात शाळा, असे त्याचे स्वरूप होते. आपल्यातले अनेक जण गप्प राहिले. प्रॉटेस्टंटांची ती तक्रार आहे, परकीयांचा तो डाव आहे, असे म्हणून त्यांनी कान झाकून घेतले.

एवढेच सांगून थांबलो असतो तर तेही असत्य ठरले असते. त्याच १९०६ मध्ये आर्थर व्हर्मेर्श या बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरूने पुस्तक लिहून राजाच्या कारभारावर जाहीर टीका केली. स्वतःच्या देशात, स्वतःच्या राजाविरुद्ध हे लिहिणे सोपे नव्हते. आणि काँगोच्या भूमीतून एक साक्षीदार उभा राहिला. इझिदोर बाकांजा हा गवंड्याच्या हाताखाली काम करणारा तरुण १९०६ च्या मे महिन्यात ख्रिस्ती झाला. पुढे एका बेल्जियन कंपनीच्या मळ्यावर तो नोकरीस लागला. गळ्यातले कार्मेल मातेचे स्कापुलर काढून टाक, असे तेथील गोऱ्या अधिकाऱ्याने बजावले. त्याने नकार दिला. खिळे लावलेल्या चाबकाचे शंभराहून अधिक फटके त्याला मारण्यात आले. जखमा चिघळत गेल्या आणि महिनोन्‌महिने यातना सोसून १९०९ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या मारेकऱ्याला क्षमा करून, तो मरण पावला. लिओपोल्डचे राज्य जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. राज्य बदलले होते, चाबूक तोच होता.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी बाकांजाला २४ एप्रिल १९९४ रोजी रोममध्ये धन्यवादित घोषित केले. त्याच दिवसांत काँगोच्या शेजारी, रवांडात, वंशसंहार चालू होता. तेथेही बेल्जियमच्या अमलात, १९३० च्या दशकात, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापण्यात आले होते. तेथील मिशन शाळांनीही हा भेद जोपासला होता. साठ वर्षांनंतर नाक्यानाक्यावर तेच ओळखपत्र पाहून माणसे कापली गेली. कित्येकांचा बळी चर्चच्या आत गेला. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांसाठी देवाकडे क्षमायाचना केली.

चौथा रविवार : मागे काय उरले?

साम्राज्य गेले म्हणजे त्याचा परिणाम गेला असे नाही. हे समजावण्यासाठी मी मुलांना चार गोष्टी नकाशावर शोधायला लावल्या.

पहिली गोष्ट सीमा. ज्या बाकोंगो लोकांवर आफोन्सोचे राज्य होते ते आज अंगोला, काँगो प्रजासत्ताक आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक अशा तीन देशांत विभागलेले आहेत. एका भाऊबंदकीच्या मधून तीन तारांची कुंपणे गेली.

दुसरी गोष्ट रस्ते. माटाडी बंदरापासून लिओपोल्डव्हिलपर्यंतचा लोहमार्ग १८९८ मध्ये पुरा झाला. पुढचे मार्गही मुख्यतः खाणीपासून बंदरापर्यंत गेले. गावापासून गावापर्यंत जाण्याची सोय त्यांत गौण होती. ज्या घरातील सारे दरवाजे बाहेरच उघडतात, त्या घरात आतल्या माणसांनी एकमेकांना भेटायचे कसे?

तिसरी गोष्ट शिक्षण. बेल्जियनांनी आणि आपल्या मिशनांनी प्राथमिक शाळा पुष्कळ काढल्या, हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु वरच्या शिक्षणाची दारे जवळजवळ बंद ठेवली. विद्यापीठ निघाले ते १९५४ मध्ये. ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एवढ्या अफाट देशात पदवीधर काँगोली तीसपेक्षाही कमी होते. सुमारे पंचवीस हजारांच्या सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. मुलाला पोहायला शिकवायचे नाही, मग त्याला नदीत ढकलायचे आणि तो बुडू लागला की म्हणायचे, "याला पोहता येत नाही, म्हणून तर आम्ही धरून ठेवले होते."

चौथी गोष्ट खाणी. स्वातंत्र्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तांब्याने समृद्ध असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला. बेल्जियन सैन्याचा आणि खाण कंपनीचा त्याला आधार होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानही तेथे गेले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी कटांगात वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. देशाचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा हे मिशन शाळांत शिकलेले, टपाल खात्यात कारकुनी केलेले. त्यांना पदावर तीन महिनेही टिकू दिले नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांचा देह आम्लात विरघळविण्यात आला. एका बेल्जियन पोलिस अधिकाऱ्याने त्यांचा एक दात आठवण म्हणून नेला होता. तो दात बेल्जियमने जून २०२२ मध्ये कुटुंबाला परत केला. राष्ट्रपित्याचे अंत्यसंस्कार एकसष्ट वर्षांनी, एका दातावर झाले.

त्यानंतर १९६५ ते १९९७ अशी बत्तीस वर्षे मोबुटू यांनी राज्य केले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्यांना पोसले, कारण शीतयुद्धात ते त्यांच्या बाजूचे होते. परंतु मोबुटू काँगोलीच होते आणि आपल्या जनतेला त्यांनी स्वतःच्या हातांनी लुबाडले, हे मी मुलांना स्पष्ट सांगितले. सगळे पाप परक्याच्या माथी मारून मोकळे होणे हा इतिहास नव्हे. मात्र देश म्हणजे लुटायची खाण, ही राज्यकारभाराची रीत मोबुटू यांना आयती मिळाली होती. लिओपोल्डची खुर्ची रिकामी झाली होती, मोडली नव्हती.

खाणी अजून चालू आहेत. कधी हस्तिदंत, कधी रबर, कधी तांबे, कधी हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसाठी लागलेले युरेनियम. आता कोबाल्ट आणि कोल्टन. जगातील निम्म्याहून बरेच अधिक कोबाल्ट काँगोतून निघते. मी मुलांना खिशातले मोबाइल बाकावर ठेवायला सांगितले. "यांच्या बॅटरीत कोबाल्ट आहे," असे म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही. अँटवर्पच्या जहाजांचा हिशेब त्यांनी आपला आपण मांडला.

एका पालकाचा आक्षेप

या वर्गांची वार्ता घरोघरी गेली. एक वडीलधारे गृहस्थ मिसानंतर सॅक्रिस्टीत आले. चर्चवर त्यांची अपार माया आहे. ते म्हणाले, "फादर, मुले आधीच चर्चपासून दूर चालली आहेत. त्यात तुम्हीच चर्चच्या चुका सांगता. हे बाहेरच्यांना करू द्या ना."

त्यांचे दुःख मला समजले. तरी मी त्यांना एवढेच म्हटले, "हे मुलांना कधीतरी कळणारच. ते आपल्याकडून कळले तर त्यांना वाटेल, आमचे घर खरे बोलते. बाहेरून कळले तर वाटेल, आमच्या घराने लपविले." पापनिवेदनाच्या आसनासमोर गुडघे टेकायला शिकविणारी ख्रिस्तसभा स्वतःच्या इतिहासासमोर मात्र ताठ उभी राहिली, तर मुले कोणाचे ऐकतील? आणि पदर झाकण्यात आणखी एक तोटा आहे. दोष झाकताना आपण साक्षीदारांनाही झाकतो. व्हर्मेर्श कोणाच्या विरोधात उभे राहिले, हे सांगितल्याशिवाय त्यांचे धैर्य कसे कळणार? चाबूक कोणाच्या हातात होता हे वगळून बाकांजाची गोष्ट कशी सांगणार? १६ फेब्रुवारी १९९२ रोजी किन्शासाच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी प्रार्थना म्हणत निघालेले हजारो प्रापंचिक मोबुटूच्या सैनिकांच्या गोळ्यांना सामोरे गेले. अनेक जण मृत्युमुखी पडले. तीही ख्रिस्तसभाच. साम्राज्याच्या जहाजातून आलेली श्रद्धा त्या लोकांनी आपली करून घेतली आणि तिच्याच बळावर अन्यायाला जाब विचारला.

ते गृहस्थ तेव्हा काही बोलले नाहीत. चौथ्या रविवारी मात्र ते वर्गात मागे येऊन बसले.

शिक्षकांना आणि पालकांना अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आफ्रिकेविषयी शिकवताना दुष्काळापासून सुरुवात करू नका, आफोन्सोपासून करा. मुलांना निष्कर्ष देऊ नका, जहाजांच्या वह्या द्या. आकड्यांबरोबर नावे सांगा. आणि गोऱ्यांचा द्वेष शिकवू नका. तसे करायची गरजही नाही, कारण मोरेलही गोरा होता आणि लिओपोल्डही. माणसाची कातडी त्याची बाजू ठरवीत नाही, त्याने वह्या उघडल्या की जाळल्या यावरून ती ठरते.

पुढच्या मिशन रविवारी मुलांनी भिंतीवरचे जुने चित्र उतरविले. त्या जागी त्यांनी काँगोचा हाताने काढलेला नकाशा लावला. त्यावर नदी होती, खाणी होत्या, बंदर होते आणि एका कोपऱ्यात बाकांजाचे नाव होते. दानपेटी तीच होती. मागच्या बाकावरचा तो मुलगा, ज्याने "आळशी असतील" म्हटले होते, पेटीशी घुटमळत उभा होता. त्याने मला विचारले, "फादर, हे आपण त्यांना देतोय की परत करतोय?"

गरिबाला तू देतोस ते तुझे नाही, त्याचेच त्याला परत करतोस, असा विचार संत अँब्रोज यांनी सोळाशे वर्षांपूर्वी मांडला होता. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये राष्ट्रांच्या विकासावरील आपल्या परिपत्रकात त्याची आठवण करून दिली होती. सेमिनरीत मी ते परिपत्रक अभ्यासले होते, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी त्या मुलाने मला समजावून दिला. मी खिशातून नोट काढली आणि त्याच्या पाठोपाठ पेटीत टाकली.